वज्रबालेच्या निऱ्या

पुरानी बस्ती, रायपूर
२ जुलै २०१२

ऋता,

आशीर्वाद लिहू का नको ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. पत्ता शिशिरकडून घेतला. आपला भाऊ पाच वर्षं तुझ्याशी फोनवर बोलून राहिला आणि मले पत्ता लागू दिला नाही, मोठा आतल्या गाठीचा निघाला. पण त्याच्यावर चिडू नको, मीच त्याचा पिच्छा पुरवला.

हे पत्र घरगुती नाही. 'नीलकोट' मालिकेबद्दल आहे. पहिल्या एपिसोडापासून मी ती पाहते. एकही रविवार चुकला नाही. वीज गेली तर दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवतात तो पाहायले अर्धी सुटी टाकली आहे. तेव्हा मले बोलायचा हक्क आहे असं मी समजते.

कालचा एपिसोड पाहून माझं डोकं फिरलं. वज्रबाला, मोठी राणी, तीन वर्षं डोळ्यात तेल घालून आकाशातल्या त्या कोटाचं दार राखून राहिली. धाकट्या बहिणीले, मेघबालेले, पंख फुटावे म्हणून स्वतःची सावली राक्षसाले देऊन बसली. बिनसावलीची बाई, उन्हात आली की लोक तिच्याकडे बोट दाखवतात, तरी तोंडातून ब्र नाही. आणि काल अचानक सांगतात की बापाले दगड करणारी तीच! ती चेटकीण! अरे बाप्पा, तीन वर्षं काय झोपून लिहून राहिले होते का? कोणती तरी खूण आधी ठेवायची, एखादी नजर, एखादा शब्द. काही नाही. शेवट जवळ आला, कोणी तरी वाईट पाहिजे, तर धरा मोठीले.

शिशिरची सोनिया म्हणते, "आत्या, सीरियल ही तो है, इतना क्या दिल पे लेना." तिले सगळं सोपं आहे. ती मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते, तिचं सगळंच अर्धं.

दुसरी कोणती मालिका अशी घसरली असती तर मी टीव्ही बंद करून भाजी निवडली असती. पण हिच्या पाट्यांमध्ये तुझं नाव येते. म्हणून ताकाले जाऊन भांडं लपवत नाही, सरळ विचारते. वज्रबाला म्हणजे मी का? पाच वर्षं तू बोलली नाही, ते आता टीव्हीवरून सांगून राहिली का?

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

विनोदिनी


१७ जुलै २०१२

ऋता,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मागच्या पत्रात मी नुसती भांडली, ते माझ्याही लक्षात आलं. तक्रारीच्या आधी कौतुक करावं असं बाबा म्हणायचे, आपल्या घरात ते कोणी केलं नाही ही गोष्ट वेगळी.

तर ऐक. तुझ्या मालिकेसारखी मालिका मी पाहिली नाही. तो ढगातला कोट, खालून दोर सोडून पाणी ओढणाऱ्या बाया, पिसांचा बाजार, सगळं खरं वाटते. इतर ठिकाणी राण्या झोपेतून उठतात तरी शालू नेसलेल्या. तुझ्या राण्या कामाच्या दिवशी कामाचं नेसतात. मेघबालेच्या चोळीले बगलेत ठिगळ आहे, कारण तिथून पंख फुटले तेव्हा ती उसवली. हे ठिगळ मले दिसलं तेव्हा मी सोनियाले ओरडून दाखवलं. तिनं पण तोंडात बोट घातलं. आमच्या ऑफिसातली बाई विचारत होती की हे कापड कुठलं असेल. मी म्हटलं, पंडरीच्या कापडबाजारात मिळते तसलंच असेल, पण नजर पंडरीत मिळत नाही. तू माझी बहीण आहेस हे मात्र तिले सांगितलं नाही. काहून नाही सांगितलं, ते मले आता लिहिता येत नाही.

ऑफिस आमचं आता नव्या रायपुरात जाणार आहे. कपाटं बांधणं सुरू आहे. तिथं मोठमोठे रस्ते केले आहेत आणि रस्त्यावर माणूस नाही. रोज बस नेणार, आणणार. चोपन्नाव्या वर्षी मले नवी राजधानी पाहायची होती, पाहून राहिली.

कौतुक संपलं नाही अजून. अकरा वर्षांची होती तू, आई जाऊन दोन वर्षं झाली होती. महालक्ष्म्या बसवायच्या होत्या आणि लुगडं नेसवायले कोणी नाही. मी स्वयंपाकात सोळा भाज्यांत बुडालेली. बाहेर येऊन पाहते तर तू निऱ्या जमिनीवर पाडून, गरम तांब्यानं दाबून, नाड्यानं बांधून ठेवलेल्या. ज्येष्ठेले हिरवं, कनिष्ठेले लाल. मुखवटे चढवले आणि गोदावरीकाकूनं हात जोडले, म्हणाली, "बाई, या तर खरंच चालत आल्या!" त्या वर्षापासून दर वर्षी तूच नेसवत होती. मुंबईले गेल्यावर पण त्या तीन दिवसांले येत होती.

पाच वर्षांपूर्वी त्या दिवशी जे झालं ते दोघींकडून झालं. टाळी एका हातानं वाजत नाही. तू पण थोडं समजून घ्यायले पाहिजे होतं.

वज्रबालेले परवा कोठडीत टाकलं. बहिणीनंच टाकलं. पाहवलं नाही.

ताई


६ ऑगस्ट २०१२

ऋता,

तुझा निरोप शिशिरच्या फोनवर आला. त्यानं मले वाचून दाखवला, मग मी फोन हातातून घेऊन स्वतः वाचला. "ताईला सांग, गोष्ट मी लिहीत नाही. मी फक्त नेसवते. गोष्ट कोण कशी फिरवतं ते आम्हालाही शूटिंगच्या आदल्या दिवशी कळतं."

बस. एवढंच. पाच वर्षांनी तीन वाक्यं, आणि त्यात माझी फजिती. मी आपली समजत होती की पाटीवर नाव आहे मतलब तुले विचारून सगळं होत असेल. आपल्या घरी जी नेसवते तीच सगळं ठरवते, देवीवर फुलोरा कुठं टांगायचा तेही तीच सांगते. तसंच तिथंही असेल असं मले वाटलं. सोनिया इतकी हसली, इतकी हसली! "आत्या, आप दर्जी से पूछ रही थीं कि दूल्हा कौन है!" मी तिले दोन शब्द सुनावले, मग मले पण हसू आलं. लई दिवसांनी.

पण हसून झाल्यावर मी विचारात पडली. गोष्ट तुझी नाही. मग तुझं जे आहे ते पाहावं. म्हणून काल मी आवाज बंद करून एपिसोड पाहिला. सोनिया चिडली, खोलीतून निघून गेली. मी एकटी बसली आणि फक्त लुगडी पाहिली.

कोठडीत वज्रबाला. गोष्टवाल्यांनी तिले चेटकीण ठरवली, तिच्या तोंडावर काळं फासलं, केस सोडले. पण निऱ्या? निऱ्या एकाले एक लागून, घंटेसारख्या उभ्या. पायाले चिकटत नाहीत. चालत्या बाईच्या निऱ्या अशा नसतात, ऋता. अशा निऱ्या स्टँडवर उभ्या केलेल्या महालक्ष्मीच्या असतात, ज्यांच्या आत पायच नसतात. आणि रंग हिरवा. कोठडीत टाकलेल्या बाईले तू फाटकं नेसवू शकत होती. कोणी विचारलं नसतं, उलट बरं म्हटलं असतं.

मी जुने एपिसोड सोनियाच्या कॉम्प्युटरवर पुन्हा पाहिले. पहिल्या दिवसापासून मोठी हिरव्यात आणि धाकटी लालात. तीन वर्षं माझ्या डोळ्यासमोर होतं आणि मी सावली, राक्षस, दगड हेच पाहत बसली. डोळे असून आंधळी.

याचा अर्थ काय तो मी काढत नाही. तू म्हणशील, हात बसलेला आहे म्हणून तसं झालं. असेल. पण काय हात आहे पोट्टी तुझा! गोष्ट जिले शिव्या देते तिले तू मान देऊन राहिली. मी तुझ्या जागी असती तर तिले गोणपाट नेसवलं असतं.

ताई


२७ ऑगस्ट २०१२

ऋता,

मागच्या महिन्यात मी लिहिलं होतं की टाळी एका हातानं वाजत नाही. ते खोटं होतं. आज खरं लिहिते, आणि तू वाचून फाडलं तरी चालेल, पण वाच.

काल वज्रबालेचा न्याय झाला. भर दरबारात. सगळे उभे, ती मधात. कोणीही तिच्या बाजूनं एक शब्द बोललं नाही. मी पाहत होती आणि मले आपली ओसरी दिसून राहिली होती.

महालक्ष्म्या बसायचा पहिला दिवस होता. पाऱ्यातल्या, आजूबाजूच्या घरच्या पंधरा-वीस बाया आल्या होत्या. तू मुंबईहून सकाळी पोचली, आणि तो सोबत होता. कोर्टात लग्न करून दोन महिने झाले होते. इथल्याच उरला वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्या माणसाचा मुलगा, आपल्या जातीचा नाही, आपल्या भाषेचा नाही. शिशिरनं त्याले खुर्ची दिली, तो अंगणातच बसला. तू हात-पाय धुऊन आली, नेहमीसारखी जमिनीवर बसली, हिरवं लुगडं उलगडलं. अर्ध्या निऱ्या झाल्या होत्या. मी स्वयंपाकघरातून आली आणि तुझ्या हातातून लुगडं ओढलं. म्हटलं, "हात नको लावू. तू आता या घरची नाहीस. देवीले चालत नाही."

देवीले चालत नाही असं मले कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. शिशिरची बायको लता आतून म्हणत होती, "ताई, राहू द्या, करू द्या तिले." मीच म्हटलं. कारण बायांच्या तोंडाकडे पाहिलं मी. त्या काय म्हणतील ते त्यांच्या आधी मी म्हणून टाकलं.

तुझ्या तोंडात टाचण्या होत्या. तू त्या एकेक काढून ताटलीत ठेवल्या, चार का पाच. मग उठली. एक शब्द बोलली नाही. पाच वर्षं मी स्वतःले सांगत आली की तिलेही कळलं असेल चूक तिची आहे, म्हणून गप राहिली. ऋता, तोंडात टाचण्या असलेलं माणूस कसं बोलणार?

तू पुढं फाटकापर्यंत गेली होती, अंगणातून जाताना तो मात्र माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले.

हे मी कोणाले सांगितलं नाही. शिशिर जे सांगतो त्यात हे नाही, कारण तो तेव्हा गाडी आणायले गेला होता. पाया पडणाऱ्यानं पण तुले सांगितलं नसेल, का सांगितलं असेल, मले माहीत नाही. मले लाज वाटते. आधी वाटत नव्हती, हेही लिहिते. आधी मले वाटायचं, मी घर राखलं. दार राखलं.

म्हणून वज्रबालेले चेटकीण केलं तेव्हा मी इतकी भडकली. मले वाटत होतं, ती सुटली तर मीही सुटेन.

ताई


३ सप्टेंबर २०१२

ऋता,

संपलं. काल शेवटचा एपिसोड झाला.

फालतू शेवट! एवढा तीन वर्षांचा कोट उभा केला आणि पंधरा मिनिटांत आग लावून मोकळे. राक्षस कुठं गेला? सावलीचं काय झालं? तिनं जी सावली दिली होती ती परत मिळणार की नाही, याची मी दीडशे एपिसोड वाट पाहिली, आणि त्याचं नावही घेतलं नाही! मेघबाला उडून गेली, मोठी जळाली, वर गाणं लावलं. लिहिणाऱ्यांले माझ्यासमोर बसवा एकदा, मी त्यांले विचारते. आमच्या ऑफिसात अशी फाइल कोणी पाठवली तर साहेब तोंडावर फेकेल. सोनियाचा पण चेहरा पडला होता. म्हणाली, "इतना भी बुरा नहीं करना था." म्हणजे बघ.

आणि मोठीले माफी नाही. शेवटपर्यंत नाही. धाकटीनं मागे वळून पाहिलं, एवढंच.

पण तुझं काम! सगळा कोट कोसळून राहिला, दगड पडून राहिले, लोक सैरावैरा, आणि ती हिरवी बाई जिथल्या तिथं उभी. पदर दोन्ही खांद्यांवरून, एक निरी हलली नाही. आगीत पण नेसणं शाबूत. मी उभी राहिली ग. टीव्हीसमोर एकटीच उभी राहिली. लता किचनमधून आली, म्हणाली, "ताई, काय झालं?" मी म्हटलं, "ऋतानं नेसवलं आहे ते." पाच वर्षांत पहिल्यांदा मी तुझं नाव घरात मोठ्यानं घेतलं. लता तिथंच पदर डोळ्याले लावून रडायले लागली. मग मीही रडली. सोनिया दोघींकडे पाहून म्हणाली, "सीरियल इतनी भी अच्छी नहीं थी."

मी त्या निऱ्यांमधून माफी काढत नाही. तुझं काम आहे ते, तू चांगलं केलंस, एवढंच. माफी मागायची माझ्याकडे आहे, आणि ती मी मालिकेकडून करवून घेत होती. आता मालिकाही संपली.

ताई


१० सप्टेंबर २०१२

ऋता,

काल आपल्याकडे फुलोऱ्याच्या करंज्या करायले बाया जमल्या होत्या. त्याच सगळ्या, पाच वर्षांपूर्वीच्या. दोन वारल्या, बाकी आहेत. ओसरीवर लाटणी चालू, बोलणं चालू, कोणाच्या सुनेचं, कोणाच्या गुडघ्याचं. मी हातातलं सारण खाली ठेवलं आणि म्हटलं, मले बोलायचं आहे.

जे मी तुले लिहिलं ते सगळं त्यांले सांगितलं. लुगडं ओढलं ते, तो पाया पडला ते. म्हटलं, तुमच्यासमोर केलं होतं, म्हणून तुमच्यासमोर सांगते, मी चुकली. देवीचं नाव घेतलं, पण देवी काही बोलली नव्हती. यावर्षी ऋता नेसवेल. ती आली तर. आणि तिचा नवरा पंगतीत बसेल, अंगणात नाही.

नत्थूभाऊंच्या घरच्या बाईनं लाटणं ठेवलं आणि चप्पल घालून निघून गेली. जाऊ दे. एक पाट मोकळा झाला. दुसरी म्हणाली, "हव, पण लोक..." आणि पुन्हा लाटायले लागली. गोदावरीकाकू किती तरी वेळ करंजी दाबत बसली. मग म्हणाली, "विनोदिनी, त्या दिवशी ती पोरगी गेल्यावर मी तुले म्हटलं होतं, बरोबर केलंस. आता मी काय म्हणू? माझंही सांग तिले." ते सांगून राहिली.

लतानं लगेच विचारलं, मग सवाष्ण-मेहुणाचं आवतण कोणाले? दर वर्षी एक जोडपं जेवायले बोलावतो, देवीच्या नावानं, पहिलं पान त्यांचं. शिशिर म्हणाला, "ऋताले फोन लावतो, आत्ताच सांगतो." मी म्हटलं, थांब. आवतण फोनवर देत नाहीत आपल्याकडे. पत्रानं पण देत नाहीत. घरच्या मोठ्या माणसानं दारात जायचं, कुंकू लावायचं, तोंडानं सांगायचं. आई सगळ्या पाऱ्यात उन्हातान्हात फिरून देत होती. रीत तोडायची तिथं मी रीत पाळली होती, आता पाळायची तिथं पण पाळते.

शिशिरनं तिकीट काढून दिलं. १३ तारखेच्या मुंबई मेलनं निघते, १४ ले पोचते. एकटी मी नागपूरच्या पुढं कधी गेली नाही, लता रडून राहिली, सोनियानं टॅक्सीवाल्याशी काय बोलायचं ते हिंदीत लिहून दिलं आहे. पत्र माझ्याआधी पोचलं तर तुले कळेल, नाही पोचलं तर दार वाजलं की कळेल. तू घरी नसली तर मी पायरीवर बसेन. नको म्हटलं तर स्टेशनवर परत जाईन, तुझ्यावर राग नाही, हे आधीच लिहून ठेवते.

आवतण जोडप्याचं आहे, आणि ते आधी त्याले देणार, मग तुले. त्याचं नाव मी या सगळ्या पत्रांत एकदाही लिहिलं नाही, तुझ्या लक्षात आलंच असेल. शंकर. शंकरराव म्हणू का नुसतं शंकर, ते त्याले विचार. दार त्यानंच उघडलं तर बरं होईल, पहिलं बोलणं मले त्याच्याशीच आहे.

ताई